गव्हल्यांचा अंगठा

अंगठ्याच्या मुळाशी फुगलेला सांधा दाखवायला गेले, तर डॉक्टरांनी टेबलावरचा प्लास्टिकच्या हाडांचा हात पुढे ओढला. म्हणाले, "आजी, बोटांत स्नायू नसतातच. ते बसलेत कोपराखाली. तिथून दोऱ्या ओढल्या की इथे बोटं हलतात. अंगठ्याचं बरंचसं बळ मात्र तळहातातच. सगळ्यांत जास्त राबतो तो, म्हणून झिजतोही तोच."

नातवंडांनो, घराचंही असंच आहे. तुम्ही लांबून दोरी ओढता, इथे आम्ही हलतो. झिजतं ते जागेवर राहिलेलं.

घरी येऊन भिजवलेला रवा परातीत घेतला. आपल्याकडे लग्नघरात आधी गव्हले करतात, खिरीसाठी. अंगठा आणि तर्जनीत चिमूटभर रवा फिरवून तांदळाएवढा दाणा पाडायचा. तुमच्या आईच्या लग्नात गप्पा मारता मारता मी ताटं भरली होती. आता एकेका दाण्याला कळ मनगटापर्यंत जाते.

तेवढ्यात, जिच्या लग्नासाठी हे चाललं होतं त्या मीराचाच फोन आला. गव्हले करतेय म्हटलं.

"आजी, कशाला हात दुखवतेस? इथे केक आहे. खीर कोण खाणार?"

"मग तुझ्या लग्नात मी करू काय?"

"काहीच नको गं! व्हिडिओवर ये आणि मस्त हात हलव."

झाले तेवढे मूठभर गव्हले दुधात शिजवले आणि एकटीने खाल्ले. चांगले झाले होते.

लग्नाच्या दिवशी हात हलवीन, मीरा. त्याला अंगठा लागत नाही.