वहिनीची फाईल

माझं डोकं लवकर तापतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पण एकदा ते तापलं वहिनीवर, आणि त्याचं मला आजही फार वाईट वाटतं.

रामदासपेठेतल्या एका छोट्या ऑफिसात मी प्रोग्रामिंग करतो. मौद्याकडच्या गावांतल्या मातीच्या तपासणीचे अहवाल छापायचं काम आलं होतं. हातानं लिहिलेले कागद कॉम्प्युटरवर उतरवायला माणूस हवा होता, मी वहिनीचं नाव सुचवलं. लग्नानंतरचं तिचं हे पहिलंच काम. नंदनवनच्या आमच्या घरी स्वयंपाक आटोपला की ती बसायची आणि एकेका आकड्यावर बोट ठेवून भरायची.

अहवाल छापले, तर नावं निरनिराळी आणि माती सगळ्यांची एकच! नत्र तेच, स्फुरद तेच. साहेबांनी सगळ्यांसमोर माझी बिनपाण्यानं केली. मी तणतणतच घरी आलो.

"काहून वं वहिनी, एकच ओळ खालपर्यंत चिकटवत गेली का?"

"नाही भाऊजी, मी तर..."

मी तिला बोलूच दिलं नाही. बिचारीनं सगळं पुन्हा भरलं. छापलं, पुन्हा तेच.

"माझ्याच हातून होऊन राहिलं असंल," तीच म्हणाली. "मले नाही जमत हे."

साहेबांनी दुसरी मुलगी ठेवली. तिचेही अहवाल तसेच निघाले, तेव्हा कुठे मी अहवाल छापणारा माझा कोड उघडला. प्रत्येक शेतकऱ्याच्या आकड्यांसाठी नवी यादी करायला हवी होती. मी लूपच्या, म्हणजे दर शेतकऱ्यासाठी पुन्हा पुन्हा चालणाऱ्या ओळींच्या, बाहेर एकच केली होती. तीच यादी कोड दर वेळी रिकामी करून भरायचा आणि मोठ्या यादीत ढकलायचा. मला वाटायचं, आत प्रत जाते. जात होता नुसता पत्ता, तोही दर वेळी त्याच एका यादीचा. म्हणून शेवटच्या शेतकऱ्याची माती सगळ्यांच्या नावावर चढली. मी एक ओळ लूपच्या आत सरकवली आणि सगळं सुरळीत झालं.

मग वहिनीची जुनी फाईल उघडली. एकही आकडा चुकलेला नव्हता. दोन मिनिटांचं काम, पण आधी उघडून पाहायचं सुचलं नाही मला गाढवाला.

घरी येऊन माफी मागितली. ती हसली. "जाऊ द्या ना भाऊजी. तुम्ही एवढे शिकलेले, मले वाटलं मीच चुकली."

परवा पुतणीच्या शाळेचा फॉर्म मोबाईलवर भरायचा होता. वहिनीनं पोरीचं नावही टाकलं नाही, फोन सरळ माझ्या हातात दिला.