मुक्कामी तात्यांचं माळवद

कुठल्याही घरात शिरण्याआधी मुक्कामी तात्या त्या घराला बाहेरून एक फेरी मारायचे. भिंतीवर थापा मारायचे, कोपऱ्यातल्या दगडाला बुटाच्या टोकानं ठोकून बघायचे, वाकून पाया न्याहाळायचे आणि मग टोपी सारखी करत आत यायचे. घर कुणाचंही असो. आमच्या बँकेतल्या साहेबांनी एकदा त्यांना नव्या बंगल्यावर चहाला बोलावलं, तर साहेब दारात हात जोडून उभे आणि पाहुणे बंगल्यामागे गायब! परत आले ते म्हणाले, "बॉडी झकास हाय साहेब. पर मागल्या अंगाला पानी मुरायलंय बगा." साहेबांचा चेहरा पुढचा सगळा वेळ उतरलेलाच होता.

'मुक्कामी' हे काही त्यांचं आडनाव नव्हे. उभी नोकरी त्यांनी एसटीत ड्रायव्हर म्हणून केली आणि त्यातली बरीचशी मुक्कामी गाडीवर. संध्याकाळी आडगावी जायचं, रात्री गाडी तिथंच उभी, पहाटे दूधवाले आणि कॉलेजची पोरं घेऊन परत. माणूस रिटायर झाला, नाव मात्र रिटायर झालं नाही. जगातल्या सगळ्या वस्तू त्यांच्या लेखी गाडीच होत्या. लग्न लांबलं की गाडी लेट, सरपंच पडला की गाडी फेल.

मी बदली होऊन मराठवाड्यातल्या वाशीला आले ती दिवाळीच्या तोंडावर. गावात मनासारखी खोली मिळेना. तेव्हा शिपायानं सांगितलं, की तेरखेड्याच्या वाटेवरच्या एका खेड्यात तात्यांनी जुनं घर घेतलंय, विचारून बघा. मी गेले तेव्हा तात्या शिडीवर होते आणि कमरेपर्यंत मातीनं भरले होते. घराला लागून पूर्वीचा गोठा होता, त्यावर पत्रे टाकून त्यांनी एक खोली काढली होती. ती दाखवत म्हणाले, "ही आपली जादा गाडी. चालंल का?" मला हसू आलं आणि खोली चालली.

मुख्य घर मात्र त्यांच्या जिवाचा तुकडा. दगडमातीच्या हातभर रुंद भिंती आणि वर माळवद. आमच्या मराठवाड्याबाहेरच्या माणसाला सांगायचं तर लाकडी तुळया, त्यावर दांड्या, त्यावर पाला आणि त्यावर जाडजूड मातीचा थर, असं ते सपाट छप्पर. मूळ मालक कधीच शहरात गेलेले, घर वर्षानुवर्षं बंद. वटवाघळं, घुशी आणि छतावर माणूसभर गवत. "पाडा आन् स्लॅब टाका," असं सगळा गाव सांगत होता. तात्यांनी गवत उपटलं, किडलेली तुळई बदलली, गावठाणातली पांढरी माती आणून छपरावर घातली, पाणी मारून चोपली. रोज संध्याकाळी ते त्या माळवदावर मांडी घालून बसलेले दिसत. नव्या गाडीचा पहिला ड्रायव्हर जसा उगाचच स्टिअरिंगवर हात ठेवून बसतो, तसे.

"तात्या, एवढं माळवदाचंच वेड कशासाठी?" मी एकदा विचारलं.

त्यांनी सांगितलेली हकिगत साधी होती. नोकरीच्या सुरुवातीला, ऐन पौषातल्या थंडीत ते मुक्कामी गाडीत कुडकुडत पडले होते. गावातल्या एका म्हाताऱ्यानं त्यांना हाताला धरून आपल्या माळवदाच्या घरात नेलं. "पाटं जागा झालो तर अंगावरचं घोंगडं कवाच बाजूला पडल्यालं. मला पत्ताच न्हाय. त्याला म्हनत्यात मुक्काम. पांघरूण सुटतंय आन् मानसाला कळतबी न्हाय." तेव्हापासून त्यांनी मनात पक्कं केलं होतं, आपलं घर होईल तर असंच होईल. आणि त्यात कारभारणीला आणून बसवायचं. नोकरीभर त्या बाईनं भाड्याच्या खोल्या बदलल्या, बिचारीला एक हिवाळा तरी उबेत काढू दे, असं ते बोलून दाखवायचे.

ही कारभारीण, म्हणजे आमच्या काकू, तेव्हा लातूरला होत्या, मुलीच्या बाळंतपणासाठी. तात्या फोनवर त्यांना घराबद्दल भरभरून सांगत, पण वरच्या माळवदाची गोष्ट राखून ठेवत. ती त्यांना आल्यावर दाखवायची होती. कार्तिकात थंडी चढली तसा त्यांचा उत्साह वाढला. उबेत काही कमी पडू नये म्हणून त्यांनी माळवदाचं सवणं, म्हणजे धूर आणि उजेडासाठी छतात ठेवलेलं भोक, फरशी ठेवून बंद केलं आणि त्याच आनंदात चूल पेटवली. थोड्याच वेळात डोळे चोळत, खोकत बाहेर आले. शेजारचे शिवाप्पा धावत आले, तर तात्या त्यांनाच म्हणाले, "सायलेन्सर बंद केला व्हय रे म्या!" आम्ही पोट धरून हसलो.

मार्गशीर्षात काकू आल्या. ठेंगण्या, गोऱ्या, कमी बोलणाऱ्या. तात्यांनी दाराला तोरण बांधलं होतं, दिवाळी उलटून गेली असली तरी उंबऱ्यापुढे आकाशकंदील लटकत होता. काकूंनी पायांवर पाणी घेतलं, उंबऱ्यापर्यंत आल्या आणि वर बघितलं.

"वर मातीच हाय का?"

"व्हय तर!" तात्या फुलून म्हणाले. "गार म्हनून लागायचं न्हाय बग."

काकू दोन पावलं मागे सरल्या. आवाज चढवला नाही, डोळ्यांत पाणी आणलं नाही. "ह्याच्याखाली म्या निजनार न्हाय," एवढंच म्हणाल्या आणि पिशवी अंगणातल्या बाजेवर ठेवली.

मला काही कळेना. रात्री अंगणात गारठून जातील म्हणून मी त्यांना माझ्या पत्र्याच्या खोलीत बोलावलं. त्या लगेच आल्या. वर एकदा पत्र्याकडे बघितलं आणि निवांत वाकळ अंथरली. तिथं मला दोन गोधड्यांतही हुडहुडी भरायची. मग त्यांनी सांगितलं. त्या लोहाऱ्याकडच्या. भूकंपाच्या वर्षी गणपतीला माहेरी गेल्या होत्या. विसर्जन झालं, घरातली माणसं दमून झोपली. पहाटे या एकट्याच बाहेर उठून आल्या आणि मागे घर बसलं. आई आणि धाकटी बहीण आतच.

"माती मऊ आसती म्हनत्यात," काकू म्हणाल्या. "त्या दिशी न्हवती बाई."

"तात्यांना माहीत नाही हे?"

"त्येंस्नी म्हाईत न्हाय कसं? तेच आलते की. सोताच्या हातानं माती उपसली त्येंनी. आईला त्येंनीच भाईर काढलं."

मला तात्यांचा खरोखर राग आला. दुसऱ्या दिवशी मी त्यांना गाठलंच. तात्यांनी मान खाली घातली. आमच्या जिल्ह्यात ही एक गंमत आहे, गंमत कसली म्हणा. भूकंप म्हटलं की वाशी-भूमकडचा माणूस पूर्वेकडे हात करून 'तिकडं' म्हणतो. तिकडं घरं पडली, इकडं माळवदं उभीच राहिली. तात्या इकडचे. एवढ्या वर्षांत काकू त्याबद्दल अवाक्षर बोलल्या नव्हत्या, आणि भाड्याच्या खोल्या सगळ्या स्लॅबच्या. "मला वाटलं, सरलं आसंल आता. इकडं कुटं काय झालतं, म्हनून..." तात्या म्हणाले.

मग त्यांनी समजूत घालण्याचे सगळे प्रकार करून बघितले. तुळईखाली लोखंडी टेकू दिले. शिवाप्पांना साक्षीला आणलं, की हे घर त्यांच्या आज्यानं बघितलंय. स्वतः माळवदावर उड्या मारून दाखवल्या, या वयात! काकू अंगणातल्या चुलीवर भाकरी थापत शांतपणे म्हणाल्या, "लोखंड लावा न्हायतर सोनं लावा. वर माती हाय." एका दुपारी तेरखेड्याच्या फटाक्यांच्या कारखान्यांकडून मोठा बार ऐकू आला. आमच्याकडे त्याचं कुणाला काही वाटत नाही. काकू तेव्हा मीठ आणायला म्हणून घरात गेल्या होत्या. त्या मिठाचा डबा तसाच टाकून अंगणात आल्या आणि तुळशीचं वृंदावन घट्ट धरून उभ्या राहिल्या. तात्यांनी ते बघितलं. त्यानंतर ते माळवदाबद्दल एक शब्द बोलले नाहीत.

तो सगळा पंधरवडा मला आठवतो तो विचित्र म्हणून. भिंतीच्या एका बाजूला तात्या, उबेत, एकटे. दुसऱ्या बाजूला आम्ही दोघी, गारठ्यात. इकडून काकू हाक मारत, "निजलाव का?" तिकडून उत्तर येई, "न्हाय अजून." इतक्या हौसेनं केलेल्या घरात हा माणूस पाहुण्यासारखा झोपत होता. मला दोघांचीही दया यायची आणि मी दोघांवरही चिडायचे.

वेळ अमावस्या आली. आमच्याकडे येळवस म्हणतात. या दिवशी गावात कुत्रंसुद्धा सापडत नाही, सगळे शेतात. शिवाप्पांनी आम्हाला त्यांच्या रानात नेलं. कडब्याची कोप, म्हणजे छोटी झोपडी, उभी केली होती, आत पूजा मांडलेली. काकूंनी केलेली मिसळ भाज्यांची भज्जी आणि आंबील खाऊन शिवाप्पांच्या घरच्या बायकाही चकित झाल्या. त्या दिवशी मी काकूंना पहिल्यांदा मोठ्यानं हसताना ऐकलं. जेवणं झाली, माणसं इकडंतिकडं पांगली आणि काकू कोपीच्या सावलीत आत जाऊन आडव्या झाल्या. थोड्या वेळानं आतून चक्क घोरण्याचा आवाज येऊ लागला.

तात्या कोपीपुढे उभे राहून ऐकत होते. मी जवळ गेले तर त्यांनी कडब्याच्या पेंढीला बोट लावून बघितलं. जोराचा वारा आला तरी उडून जाईल अशी ती कोप. "एवढंच वझं पायजे हुतं व्हय तिला वर," ते म्हणाले. मला म्हणाले की स्वतःला, कोण जाणे. डोळे ओले होते.

दुसऱ्या दिवशी उजाडलं तेच खोऱ्याच्या आवाजानं. तात्या माळवदावर होते आणि माती ओढून पाटीत भरत होते. स्वतः घातलेली, पाणी मारून चोपलेली ती पांढरी माती. बघता बघता गाव गोळा झाला. शिवाप्पा खालून ओरडले, "तात्या, डोस्कं फिरलं का काय? आत्ताच घातली न्हवं माती?"

"घातली हुती की. म्हनून म्याच काढायलो."

"थंडीत मराल की हो!"

"तुमी पाटी धरा, शिवाप्पा. उगं हार्न मारू नगा."

लोक हसले. हसणं साहजिकच होतं. त्या माणसाचं अख्खं स्वप्न तो पाटीपाटीनं खाली ओतत होता. काकू पहिल्या दिवशी नुसत्या बसून बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बँकेत निघाले तर त्या उठल्या, पदर खोचला, डोक्यावर चुंबळ ठेवली आणि शिडीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. वर तात्या थबकले. "तू ऱ्हाऊ दे," म्हणाले. काकूंनी नुसते हात वर केले. ती माती त्यांनी डोक्यावर घेतली, परसात नेऊन टाकली आणि पुन्हा येऊन उभ्या राहिल्या. त्या दिवशी मला बँकेत उशीर झाला आणि त्याचं काही वाटलं नाही. फाटकाशी उभी राहून मी रडत होते.

संक्रांतीच्या आत पत्रे चढले. काकूंनी तिळगूळ त्याच घरात केला, आतल्या चुलीवर, आणि वाकळ माझ्या खोलीतून उचलून आत नेली. घर मात्र आता बर्फासारखं गार पडायचं. भिंती जेवढी ऊब धरून ठेवत तेवढी पत्रा सोडून देई. तात्या कानटोपी, दोन स्वेटर आणि वर घोंगडं अशा अवतारात सकाळी अंगणात शेकत बसायचे. आता जवळजवळ माझ्याच खोलीसारखी त्यांची गत झाली होती, तेव्हा चिडवण्याचा माझा हक्कच होता. "काय तात्या, कसा काय मुक्काम? वाजते का थंडी?"

"वाजती की," तात्या हात चोळत म्हणाले. "पर आता दोघांस्नी वाजती."

पुढे माझी बदली झाली. निघताना तात्यांनी माझ्या टेम्पोला फेरी मारली, टायर ठोकले आणि ड्रायव्हरला घाट कसा उतरायचा ते समजावून सांगितलं. त्यानंतर येणंजाणं राहिलं, पण तुटक. गेल्या पावसाळ्यात तात्या गेले. मला उशिरा कळलं. भेटायला जायला हिवाळाच उजाडला.

काकू त्याच घरात एकट्या राहत होत्या. मुलगी तेवढी भेटीला आलेली होती आणि आईला लातूरला न्यायचंच म्हणून बसली होती. तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. वय झालं, घर गार, पत्रा रात्रभर वाजतो, अशा ठिकाणी एकटीनं हिवाळा काढायचा म्हणजे काय? मलाही तेच वाटलं आणि मी तसं म्हणाले. काकूंनी ऐकून घेतलं. उठून आमच्यासाठी चहा ठेवला. मग वर न बघताच म्हणाल्या, "तुमी दोघी म्हनता ते खरं हाय. थंडी लई वाजती. पर हितं माझ्या डोस्क्यावर कायबी न्हाय. जे हुतं, ते त्येंनी आपल्या हातानं खाली उतरवलंय."

मुलीनं हट्ट सोडला. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी एकाच एसटीनं निघालो, आणि काकू दारात उभ्या राहून हात हलवत होत्या.