वर्गात एकटी

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी सोलापूरच्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकत होते. त्या वर्षी एक अमेरिकन बाई आम्हाला त्यांच्या देशाचं राजकारण शिकवायला आल्या होत्या. तिकडे एकट्या माणसाच्या मताला फार मान, असं त्या सांगायच्या. आम्हा सगळ्यांनाच ते ऐकायला आवडायचं.

दिवाळीच्या आधी प्राचार्यांनी आमच्या वर्गातल्या एका मुलाला काढून टाकलं. त्यानं म्हाताऱ्या शिपायाला जिन्यात ढकललं, असा आरोप होता. मुलांचं म्हणणं, हे सगळं कुभांड आहे. गिरणी कामगाराचा पोरगा म्हणून त्याला काढलंय. त्याला परत घेईपर्यंत कोणी वर्गात बसायचं नाही, असं मुलांच्या बैठकीत ठरलं. शिपाई पडला तेव्हा मी जिन्याखालीच उभी होते. जे पाहिलं ते मी त्याच बैठकीत सांगितलं. वर्गप्रतिनिधी म्हणाला, ते नंतर बघू, आधी एकी.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच वर्गात जाऊन बसले. मुलं दाराशी येऊन उभी राहिली. माझी अक्कलकोटकडची जिवलग मैत्रीण त्यांच्यातच होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. बाई आल्या, रिकाम्या बाकांवरून नजर फिरवली आणि शिकवू लागल्या. बाहेरून कोणीतरी खिडकी आपटली. न राहवून मी विचारलं, तुमच्या गावात एकट्या पडलेल्या माणसाचं काय होतं?

बाईंनी खडू खाली ठेवला आणि त्या सांगू लागल्या. त्यांच्या भावानं व्हिएतनामच्या लढाईवर जायला नकार दिला, तेव्हापासून गावानं त्याच्याशी बोलणं टाकलं. चर्चमध्ये त्याच्या बाकावर कोणी बसेना. शेवटी तो गाव सोडून गेला. त्याच हिवाळ्यात त्यांची आई अंथरुणाला खिळली, तर गावातली तीच माणसं पाळीपाळीनं जेवण आणून देत होती.

"मग चूक कोणाची?"

"मला अजून ठरवता आलेलं नाही," त्या म्हणाल्या.

तास संपल्यावर मी बाहेर आले. कोणी वाट देईना. प्रतिनिधी आवाज न चढवता म्हणाला, "तू आमच्यातली हायस का न्हाईस, तेवढं सांग."

"तुमच्यातलीच आहे. म्हणून तुमच्यासमोर सांगते. त्यानं ढकललं, मी पाहिलंय."

मागून एकानं हाताला हिसका देऊन माझी पुस्तकं खाली पाडली. मी वाकून ती गोळा केली आणि चालत घरी आले.

आठवड्याभरात संप मिटला. मुलाला परत घेतलं. शिपाई बरेच दिवस लंगडत होता. त्याला कोणी काही विचारलं नाही. परीक्षा होईपर्यंत वर्गात माझ्याशी कोणी बोललं नाही.

उन्हाळ्यात एकदा मैत्रीण घरी आली. आईनं दिलेलं ताक संपवून म्हणाली, "लई एकटी पडलीस की."

मी हो म्हटलं.

"तुझ्याजवळ येऊन बसले असते, तर हॉस्टेलवर मला कुणी जेवायला शेजारी बसू दिलं नसतं."

मला तिचा राग आला होता, आणि तिचं म्हणणं खोटंही वाटेना. पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा एका बाकावर बसू लागलो. त्या दिवसाबद्दल मात्र दोघीही कधी बोललो नाही.