लेमची हद्द

अर्नेस्टीन टिलरीने साठी ओलांडली, तरी ब्रिकयार्ड वस्तीत तिची ओळख एकच होती. लेमची बहीण.

कोर्टाच्या हुकमाने जॉर्जियातल्या त्या गावात काळ्या-गोऱ्यांची मुलं एकत्र शिकू लागली, तेव्हा ब्रिकयार्डची काळी मुलं रुळांपलीकडच्या लेकव्ह्यू शाळेत जाऊ लागली. चालतच जायची. लेम नऊ वर्षांचा होता. फेब्रुवारीतल्या एका सकाळी फाटकावर मालगाडी आडवी उभी होती. ती अशी तासन्‌तास उभी राहायची आणि पोरं दोन डब्यांच्या मधून सरपटत पलीकडे जायची. लेम मध्ये असतानाच गाडीला हिसका बसला. सात वर्षांची अर्नेस्टीन तापाने घरी पडून होती. एका डब्यावरून दुसऱ्या डब्यावर धडधडत गेलेला तो आवाज तिने अंथरुणातून ऐकला. काय झालं ते तिला नंतर कळलं, पण आवाज आधी आला होता आणि तोच राहिला.

शाळा मंडळाने लगेच शाळांची हद्द मागे, रुळांपर्यंत आणली. रुळांच्या अलीकडची मुलं अलीकडच्या शाळेत, पलीकडची पलीकडे. ‘पुन्हा असं होऊ नये म्हणून.’ पुलाचं नाव कुणी काढलं नाही, बसचंही नाही. पलीकडच्या गोऱ्यांना हवी तशी ही हद्द झाली होती, आणि तिला नाव मात्र लेमचं मिळालं.

आई मरेपर्यंत शाळा सुटायच्या वेळी पायरीवर येऊन हाक मारायची, “लेम, ये रे आता घरात.” अर्नेस्टीनने मेकनच्या इस्पितळात धुलाईखात्यात उमेदीची वर्षं घालवली, लग्न केलं, नवऱ्याला पुरलं, आणि आईच्या शेवटच्या आजारपणात परत आली ती कायमचीच. आई गेल्यावर महिन्याभरात तिच्या लक्षात आलं, की त्या वेळेला आपणही पायरीवर येऊन उभ्या राहतोय. ती हाक मारत नसे. नुसती फाटकाकडे बघायची. रुळांजवळ कुणीतरी येऊन थांबलंय, पुढेही येत नाही आणि मागेही जात नाही, असं तिला वाटायचं. भीती नव्हती त्यात. तो थांबलाय, एवढंच तिला सोसत नसे.

मग मंडळाने ठराव मांडला. अलीकडची शाळा गळायला लागली होती, पोरंही कमी झाली होती. ती बंद करून ब्रिकयार्डची मुलं बसने लेकव्ह्यूला न्यायची, असं ठरत होतं. गाव पेटलं.

शेजारची लाकेंड्रा लेमचा चर्चमधला फोटो मोठा करून घेऊन आली. तिची मुलगी पहिलीत होती.

“मिस अर्नेस्टीन, मंडळाच्या सभेत तुम्ही बोलू नका काही. नुसत्या माझ्या शेजारी उभ्या राहा.”

“फोटोत त्याची कॉलर दुमडलीय,” अर्नेस्टीन म्हणाली. “आई फार चिडली होती त्या दिवशी.”

“याल ना पण?”

“येते.”

सभा शाळेच्या व्यायामशाळेत भरली. रुळांपलीकडे तळ्याकाठच्या नव्या घरांमधला एक गोरा बाप उठला आणि हळव्या आवाजात म्हणाला, “त्या मुलाच्या आठवणीचा तरी मान ठेवा. हद्द आहे तिथेच राहू द्या.” पाठोपाठ लाकेंड्रा फोटो उंच धरून तेच बोलली. दोन्हीकडच्यांनी एकदम टाळ्या वाजवल्या. इतक्या वर्षांत त्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं, आणि ते लेमच्या नावावर.

अर्नेस्टीन उठली. लाकेंड्राला वाटलं, शेजारी उभी राहायला येतेय. पण अर्नेस्टीन माइकपाशी गेली.

“माझ्या भावाला ती शाळा आवडायची,” ती म्हणाली. “तिथे पियानो होता. शाळा भरायच्या आधी बाई त्याला वाजवू द्यायच्या, म्हणून तो सगळ्यांच्या पुढे पळायचा. गाडी हलेपर्यंत थांबायला त्याला धीर नव्हता. आईने हे कुणाला सांगितलं नाही. लोक काय म्हणतील, काळ्यांच्या पोराला त्यांच्या शाळेचा एवढा सोस?”

तिने माइक आणखी जवळ ओढला.

“पूल बांधायला पैसे लागले असते. बस ठेवायला पैसे लागले असते. त्यापेक्षा तुम्ही माझ्या भावाला राखणीला उभं केलंत. फुकटात. आता सोडा त्याला.”

अध्यक्षबाईंनी विचारलं, “म्हणजे मिस टिलरी, तुम्ही ठरावाच्या बाजूने आहात?”

“मी बसच्या बाजूने आहे. चालत एकही पोर जाता कामा नये.”

बाहेर गाड्यांपाशी लाकेंड्राने तिला गाठलं. “माझ्या हातात त्याचा फोटो असताना तुम्ही मला तोंडघशी पाडलंत.”

“हो.”

“माझी पोर तिथे जेवायला एकटी बसेल. कुणी शेजारी येणार नाही. तेव्हा तुम्ही जाणार आहात का तिच्यापाशी?”

“नाही. मला जाता येणार नाही,” अर्नेस्टीन म्हणाली. लाकेंड्राने फोटो तिच्या हातात दिला आणि निघून गेली.

ठराव एका मताच्या फरकाने मंजूर झाला. चर्चमध्ये अर्नेस्टीनच्या बाकावर आता कुणी बसेना. पाद्रीबाबा हात मिळवत, पण ख्यालीखुशाली विचारत नसत.

ऑगस्टमध्ये शाळा उघडली. लाकेंड्राने मुलीला बसमध्ये चढवलं आणि मान वर न करता घरात गेली. पिवळी बस फाटकापर्यंत जाऊन थांबली. गाडी येत नाही ना हे ऐकायला रुळांशी थांबून दार उघडायचं, असा शाळेच्या बसचा नियम आहे. अर्नेस्टीनला तो ठाऊक होता. तरी पायरीवरून ते दार उघडलेलं पाहिलं आणि तिने कठडा घट्ट धरला. रुळांवर कुणी नव्हतं. खडीवर ऊन पडलं होतं. दार उघडंच राहिलं, कुणीतरी चढायचं असावं तसं. मग ते मिटलं आणि बस पलीकडे गेली.

रोज तसंच होतं आणि ती रोज बघते. कधीकधी दार मिटायला जरा उशीर लागतो.