घरच्या गोलकीपरला नावं ठेवण्याची रीत

दुबईत, अल कुसैसच्या आमच्या घरी दर शुक्रवारी सकाळी पोहे होत आणि पोह्यांबरोबर फुटबॉल. फुटबॉलमधलं आमच्यापैकी कुणालाही काडीचं कळत नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. सगळ्यांची हयात क्रिकेटवर गेलेली. पण आमचा मुलगा बारावी झाल्यावर तिथल्याच एका लहानशा इंडियन कॉलेजात बी.कॉम.ला गेला, आणि त्या कॉलेजला क्रिकेटपुरतं मैदान नव्हतं. खरं तर कसलंच मैदान नव्हतं. कॉलेज म्हणजे टायरच्या दुकानावरचे दोन मजले. समोरच्या रिकाम्या प्लॉटवर कुणीतरी पूर्वीच दोन गोलपोस्ट रोवून ठेवले होते, म्हणून कॉलेजनं फुटबॉलची टीम काढली. मुलगा उंच, म्हणून तो गोलकीपर.

अशीच आणखी दोन-चार लहान कॉलेजं होती. एक शारजात, एक उम्म अल कुवैनला, एक पार डोंगरापलीकडे खोर फक्कानला. थंडीच्या दिवसांत शुक्रवारची नमाज झाली की दुपारी त्यांच्या मॅच असत. प्रेक्षक म्हणजे पोरांचे चार मित्र, सावली शोधत आलेलं एखादं मांजर आणि आम्ही.

आम्ही म्हणजे चौघं. मी, आमचे हे, आणि यांचे दोन मित्र. हे एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत टेंडरचे आकडे काढत. एक मित्र खालच्या मजल्यावर राहायचे, त्यांचा एसी दुरुस्तीचा धंदा. दुसरे देअरात मसाल्याचा व्यापार करायचे. मी त्यांना एसीवाले भाऊजी आणि मसालेवाले भाऊजीच म्हणायची, इथेही तेच म्हणते. एसीवाल्यांना दोन मुली, मसालेवाल्यांचा मुलगा केजीत. म्हणजे त्या टीमशी दोघांचाही काडीइतका संबंध नव्हता. तरी शुक्रवारी सकाळी दोघं आठच्या ठोक्याला हजर, आणि त्या अकरा पोरांची जी काही सालटी काढत, की त्यांच्या आयांनी ऐकलं असतं तर पोहे तोंडावर फेकले असते.

"तो डावीकडचा नुसता नाइटवॉचमन आहे," एसीवाले म्हणत. "बॉल आला की पॅडवर घेतो आणि सोडून देतो."

"आणि आपला फॉरवर्ड? रन काढायला नको म्हणतो. ढेरी सुटलीय विसाव्या वर्षी," मसालेवाले पुढे ओढत.

पुढच्या मॅचला कोण कुठे उभा राहणार, याची आखणी बशीत होई. शेंगदाणे म्हणजे आपली टीम, मिरचीचे तुकडे म्हणजे उम्म अल कुवैन. एकदा आखणी अगदी रंगात आलेली असताना मसालेवाल्यांनी बोलता बोलता आपला सेंटर हाफ उचलून खाल्ला. त्यावर एसीवाले इतके चिडले की नवा शेंगदाणा ठेवायला तयार होईनात. म्हणाले, आता दहा जणांनी खेळा. मी पोळपाटापाशी हसून हसून बसकण मारली. उंटावरून शेळ्या हाकणारे लोक मी खूप पाहिलेत, पण या तिघांना ना उंट माहीत होता ना शेळ्या, आणि हाकण्याचा उत्साह मात्र असा की ऐकणाऱ्याचंही पोट भरावं.

या सगळ्यात आमच्या मुलावर बोलायचा मान फक्त यांचा. म्हणीत 'आपला तो बाब्या' असला, तरी चारचौघांत आमच्याकडे आपलंच कार्टं असतं. आपण आपल्या घरचं कौतुक करायचं नसतं. आपण नावं ठेवायची, म्हणजे समोरच्याला कौतुक करायला जागा होते. माझे लाडू कडक, माझी भाजी आळणी, आमचा मुलगा ठोंब्या. मग समोरच्यानं "छे छे, असं कसं" म्हणायचं आणि आपण मान खाली घालून पोटभर ऐकायचं. हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की आपण काही करतोय हेही कळत नाही.

त्यामुळे हे दर शुक्रवारी म्हणत, "आमच्या चिरंजीवांच्या हाताला भोकं आहेत. ऐंशी दिरहमचे ग्लोव्हज, म्हणजे आठ-नऊशे रुपये, आणि बॉल जातो पायांमधून."

"छे छे, असं कसं," दोघं एका सुरात म्हणत. "परवा त्याच्यामुळे तर वाचलो." मग एक जण एक बॉल सांगे, दुसरा दुसरा. हे बशीत बघत चमचा फिरवत राहत, आणि त्या दिवशी पोहे दोनदा घेत.

मुलगा तेव्हा आतल्या खोलीत पांघरुणात असे. भिंत पातळ. 'भोकं' त्याला ऐकू जात, 'छे छे' ही जात असावं. पण त्याला त्यातली रीत कशी कळणार? तो शाळेत मल्याळी, पंजाबी आणि पाकिस्तानी पोरांत वाढलेला, आम्ही मराठीत विचारलं तर इंग्लिशमध्ये उत्तर देणारा. एकदा मी त्याला म्हटलं, बाबांचं मनावर घेऊ नकोस. तो बूट बांधत म्हणाला, "इट्स ओके, आई. ही थिंक्स आय अ‍ॅम यूसलेस. आय नो." अगदी सहज म्हणाला. 

त्यांचे कोच केरळचे होते. कॉलेजात अकाउंट्स शिकवायचे आणि संध्याकाळी गळ्यात शिट्टी घालून मैदानात. फुटबॉल कळणारा आमच्या ओळखीतला तो एकमेव माणूस. अतिशय सज्जन, बोलणं मोजकं, हिंदी तोलूनमापून. समोरच्याचा शब्द जसाच्या तसा खरा मानणारे. एका शुक्रवारी यांनी त्यांना पोह्यांना बोलावलं. मी बशी हातात देताना सवयीनं म्हटलं, "आज पोहे जरा बिघड गए हैं."

कोचनी काळजीनं बशीत पाहिलं. "क्या हुआ मॅडम? नमक ज्यादा?" आणि बशी हळूच टेबलावर ठेवली. "कोई बात नहीं. मैं केला खा लूँगा."

एसीवाल्यांना ठसका लागला. मी लालबुंद. त्या माणसानं खरंच केळं खाल्लं आणि जाताना मला धीर दिला, की होता है, मेरी वाइफ का भी कभी कभी होता है. त्या दिवशी आम्ही दुपारपर्यंत हसत होतो. त्यातून शिकायचं ते मात्र कुणीच शिकलं नाही.

कारण पुढच्याच आठवड्यात आमच्या टीमनं शारजाच्या कॉलेजला हरवलं आणि मॅच संपल्यावर कोच आमच्या गाडीपाशी चहा प्यायला आले. आता राहिली होती खोर फक्कानची मॅच, सीझनची शेवटची, आणि मुलाची तर कॉलेजातलीच शेवटची. परीक्षा झाली की तो एम.बी.ए.ला पुण्याला जाणार होता. हे खुशीत होते. शारजाच्या पोरांचे तीन बॉल मुलानं अडवले होते. आणि खुशीत आलेला आमचा माणूस काय करतो, तर घरच्याला नावं ठेवतो.

"कोच साब, हमारे लड़के को क्या आता है? हाथ में छेद है. आज लक था. खोर फक्कानवाले तगड़े हैं, उनके सामने इसका कुछ नहीं चलेगा." आणि हे थांबले.

थांबले ते कोचसाठी. कोचनी कप खाली ठेवला, आणि यांचा हात दोन्ही हातांत घेऊन म्हणाले, "थँक यू, सर."

मंगळवारी मुलगा प्रॅक्टिसहून आला, ग्लोव्हज कोपऱ्यात टाकले आणि म्हणाला, "आय अ‍ॅम ड्रॉप्ड." दुसराच एक मुलगा गोलमध्ये उभा राहणार होता. मी विचारलं, अरे पण का? तर म्हणाला, "कोच सेज, युवर फादर इज अ व्हेरी ऑनेस्ट मॅन."

मी यांच्याकडे पाहिलं. हे टीव्हीकडे बघत होते. टीव्ही बंद होता.

मुलगा आत गेल्यावर मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. हात दाखवून अवलक्षण, हे त्यातलं सगळ्यात सौम्य. हे बिचारे एवढंच म्हणाले, "अगं, पण त्यांनी 'छे छे' म्हणायचं होतं."

"त्यांना काय माहीत? माझे पोहे टाकून केळं खाणारा माणूस तो."

दुसऱ्या दिवशी दोन्ही भाऊजींनी आपापल्या दुकानातून कोचना फोन करून मुलाची तोंडभर स्तुती केली. कोच दोघांना एकच म्हणाले, आप दोस्त हैं, दोस्त तो बोलेगा. बाप ने खुद बोला है.  म्हणजे बापानंच निस्तरायचं. मी यांच्या हातात रिसीव्हर दिला आणि शेजारी उभी राहिले. बाविसाव्या मजल्याच्या स्लॅबचा आकडा न अडखळता सांगणारा हा माणूस, त्याला घाम फुटला. "कोच साब, वो लड़का... मेहनत करता है. मतलब, वैसे बुरा नहीं है."

पलीकडून आवाज आला, "बुरा नहीं है, मालूम है सर. लेकिन आपने बोला, खोर फक्कान के सामने नहीं चलेगा. आप ने सही सोचा." यांनी फोन ठेवला.  बावीस वर्षांच्या संसारात मी त्यांच्या तोंडून 'भाजी छान झालीय' ऐकलं नव्हतं. 'चालेल' म्हणत, आणि ते मी छान समजून घेत आले होते.

शुक्रवारी सगळे एकाच गाडीतून निघालो. धैद मागे पडलं, मसाफीचा बाजार गेला, डोंगर सुरू झाले. मागच्या सीटवर दोन भाऊजींच्या मध्ये मुलगा गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. बशीतले शेंगदाणे नव्हते, तरी भाऊजींनी थांबायचं नाव घेतलं नाही. फॉरवर्डची ढेरी, डावीकडचा नाइटवॉचमन, सगळ्यांची हजेरी झाली. फक्त गोलकीपरबद्दल त्या दिवशी कुणी अवाक्षर काढलं नाही.

हाफ टाइमपर्यंत आपल्यावर दोन गोल झाले होते. बदली गोलकीपर चांगला मुलगा होता, पण बॉल आला की डोळे मिटायचा. आमचा मुलगा लांब, पलीकडच्या गोलपोस्टपाशी, कुणाला तरी बॉल फेकत होता. मी यांना म्हटलं, "आता जाता, की मी जाऊ?"

"जातो," हे म्हणाले, आणि गेले. आम्ही तिघं मागोमाग.

"कोच साब, उसको खिलाइए."

"सर, आपने ही..."

"मैंने गलत बोला. हमारे में ऐसा बोलते हैं." कोचना काही कळेना. हे काय समजावणार? त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग मैदानाकडे, आणि खोकून घसा साफ केला. "मेरा बेटा अच्छा है," हे म्हणाले. आवाज एवढा मोठा निघाला की समोरची टीम वळून बघायला लागली. "बहुत अच्छा गोलकीपर है. आप की टीम में सबसे अच्छा. मैं बाप हूँ, मैंने सब मॅच देखा है."

मसालेवाले खाली वाळूत बघत होते. एसीवाल्यांनी चष्मा काढून पुसला. कोच शांतपणे म्हणाले, "तो पहले बोलना था ना, सर," आणि शिट्टी वाजवून त्यांनी मुलाला बोलावलं.

मॅच आपण हरलो. दोन-एक. पण उत्तरार्धात आपल्यावर एकही गोल झाला नाही. काय उड्या मारल्या त्यानं. एकदा तर खोर फक्कानचा फॉरवर्ड एकटा समोर आला आणि आमचा पोरगा त्याच्या पायांवर जाऊन पडला, बॉल पोटाशी. एसीवाले ओरडले "हाउजॅट", आणि मागून रेफ्रीनंही हसत बोट वर केलं. आम्ही तिघं लहान मुलांसारखे उड्या मारत होतो. हे तेवढे एका जागी उभे होते, दोन्ही हात डोक्यावर.

परतताना अंधारून आलं. गाडीत नेहमीची वेळ झाली होती. म्हणजे आता यांनी सुरुवात करायची, 'हाताला भोकं', आणि मागच्यांनी 'छे छे'. पण हे काही बोलेनात. भाऊजीही वाट बघत गप्प. बापानं मैदानात काय सांगितलं ते इतक्या लांब मुलाला ऐकू गेलं नव्हतं, आणि ते त्याला सांगण्याचा हक्क आमच्यापैकी कुणाचा नव्हता. मसाफीचा चढ संपला.

मग मागून मुलाचा आवाज आला. मराठीत. "कसला खेळलो आज मी, बाबा. काही खास नाही. हाताला भोकं आहेत माझ्या."

मी मागे वळले. तो खिडकीबाहेर बघत होता, पण गालातल्या गालात हसत होता. पातळ भिंतीमागून इतकी वर्षं त्यानं सगळं बरोबर ऐकलं होतं. कुणी कधी बोलायचं आणि कुणी कुणासाठी जागा करून द्यायची, सगळं. मला हसूही फुटलं आणि रडूही.

यांनी गाडीचा वेग कमी केला. एकदा आरशात पाहिलं.

"छे छे," हे म्हणाले. "असं कसं?"

आणि मग सुरू झाले. आजचा तो पायांवरचा बॉल. शारजाचे तीन. पहिल्या वर्षी उम्म अल कुवैनला उजवीकडे झेप घेतली होती तो, वारा सुटला होता तेव्हाचा, ग्लोव्हज नव्हते तेव्हाचा. तीन वर्षांतला एकेक बॉल त्यांना आठवत होता. भाऊजींना मध्ये बोलायला जागाच मिळाली नाही. मुलगा अधूनमधून "कुठलं काय, बाबा" म्हणत होता, धैद आलं, गेलं, आणि हे थांबत नव्हते.