उपाशी सरदार

लढाईच्या दिवसांत मी कर्जतला कारकून होतो. संध्याकाळी स्टेशनबाहेरच्या बाकावर बसून एक जाडजूड रहस्यकादंबरी वाचायचो. कबरीतून उठून माणसांचं रक्त पिणाऱ्या सरदाराची ती गोष्ट. पण अर्धं पुस्तक किल्ल्यांच्या इतिहासातच गेलेलं. शेजारी करवंदं विकणाऱ्या दहिवलीच्या म्हातारीला मी ती थोडी सांगितली होती. ती रोज विचारी, “का रं बाबा, आला का तुझा मुडदा?”

“अजून नाही, आजी.”

“शेकडो वर्सं उपाशी हाय बिचारा, नि लिवनारा त्याला पानावर बसू देत नाय!”

अखेर एकदा सरदार आला. ते प्रकरण मी तिला मोठ्यानं वाचून दाखवलं. गिऱ्हाइकं खोळंबली, तरी ती हलेना. सरदारानं मानेत दात रुतवले आणि माझाच आवाज कापला. म्हातारीनं मात्र समाधानानं हात जोडले.

“जेवला एकदाचा!”

मला इतकं हसू आलं, की पुढचं पान वाचताच येईना.