बुधरामचे चार दात

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, माझ्या हाताखाली शिकलेल्यांना तर नाहीच. तुम्हाला सांगतोय — का, ते मलाही नीट कळत नाही.

स्वातंत्र्याला आठेक वर्षं झाली होती. गोंदियात माझा दातांचा दवाखाना, आणि त्यात नवं एक्स-रे मशीन. हिरड्यांखालचं हाड किती झिजलंय, ते फिल्मवर दिसायचं. केवढा ताठा होता मला त्या मशीनचा!

मे महिन्यात केशोरीचा बुधराम आला. सनई वाजवायचा, वय तिशीच्या आत. वरच्या हिरड्यांतून रक्त येत होतं. मी फिल्म काढली, धुतली — मुळांभोवती सगळं काळं. हाड उरलंच नाही, म्हणालो. समोरचे चार दात काढावे लागतील, नाहीतर विष अंगभर पसरेल.

"दात गेले तं सनई कशी वाजवू जी?" मग म्हणाला, "पर तुमी फोटोत पाह्यलं ना? मंग काढा."

दात बोटानं हलवून पाहिले होते का मी? पाहिले होते. हलत नव्हते. तरी —

इंजेक्शन दिलं, पहिला दात धरला. येईना. मला घाम फुटला. शेवटी आला तेव्हा मुळाला हाडाची कपची चिकटलेली — घट्ट, निरोगी. त्याच क्षणी कळलं. त्या उन्हात फिल्म धुण्याचं औषध तापलं होतं, मी ते गार केलंच नव्हतं. फिल्मच जास्त काळी झाली होती. रक्त नुसत्या सुजेचं. हिरड्या साफ केल्या असत्या तर भागलं असतं.

थांबता आलं असतं. तीन दात शाबूत होते. पण थांबून त्याला सांगणार काय होतो? तो तोंड उघडं ठेवून माझ्याकडे बघत होता... मी उरलेले तिन्ही काढले. एकेक, जोर लावून. फिल्म चुलीत घातली.

पुढे कवळी करून दिली. दवाखान्यातच बसून त्यानं सनई फुंकून पाहिली, पुन्हा पुन्हा. नुसती हवा. मी पाठ फिरवून हात धूत राहिलो.

वर्षभरानं केशोरीला एका लग्नाला गेलो. सनई दुसराच कुणी वाजवत होता. बुधराम पंगतीत भात वाढत होता. मला पाहून धावत आला, हात धरून चारचौघांत म्हणाला, "ह्या डाक्टरसायबानं माहा जीव वाचवला."

मी मान हलवली. पंगतीत बसलो. त्यानं वाढलेला भात जेवलो, आणि तो पुन्हा वाढायला आला तेव्हा नको म्हणालो नाही.